दुसरा ढोला

या, अशा पुढे सरका. बुवा हातपाय धुऊन येईपर्यंत टाळ मांडीवर असू द्या. आपण बसलोय त्या मंडपाचीच गोष्ट सांगतो. समोरच्या ह्या दोन कमानी दिसतात ना, त्यांच्यात एका माणसाची जळफळ चिणलेली आहे.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. सोनगीरजवळच्या ह्या आपल्या गावात रामाचं देऊळ होतं, पण कीर्तन उन्हात व्हायचं. दोंडाईच्याच्या रतनलाल शेठांनी मनावर घेतलं, येत्या रामनवमीचं कीर्तन मंडपात झालं पाहिजे. काम दिलं गिरधर मिस्तरीला. गिरधरच्या हाताला तोड नव्हती, पण एक पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला तो हात लावत नसे. होळी आली तरी भिंती गुडघ्याएवढ्या! शेठांनी पुनाला बोलावून सगळं काम त्याच्या हाती दिलं.

पुना गिरधरचाच चेला. मधली वर्षं रेल्वेच्या पुलांवर कामाला राहिलेला. आल्याआल्या त्याने प्रत्येकाला एकच विचारलं, "कशावाचून काय अडस?" जे कशावाचून अडत नाही, ते लगेच सुरू. इकडे भिंत चढते आहे, तोवर सुतार खाली जमिनीवर तुळया तासून जुळवतायत, पलीकडे चुना मळायची घाणी फिरतेय.

गिरधर देवळाच्या ओट्यावरून म्हणाला, "मंदिर शे का भाकर शे रे, तवावर टाकी नि फुगी उनी?"

पुना हसला. "नाना, बुवा गातस तवय मृदंगवाला वाट देखस का?"

सगळे खो खो हसले. ते हसू गिरधरच्या काळजात कुसळासारखं रुतलं. कामावरची पोरं आता "पुनाभाऊ, पुनाभाऊ" करत होती. घरी बायकोनं, भागाबाईनं, भिंत भराभर उठल्याचं कौतुक केलं, तर हा ताटावरून उठला.

पहिली कमान जुळली. कमानीला खालून लाकडी साचा लावतात, त्याला ढोला म्हणतात. ढोला एकच होता, लाकूड संपलेलं. दुसरी कमान ढोल्यावाचून अडली. पुनाने ठरवलं, सकाळीच पहिलीखालचा काढू. पुलावर तो तसाच काढत असे.

गिरधरने चुन्याला बोट लावून पाहिलं. कच्चा. तो बोलला नाही. पडू दे कमान, गावालाही दिसू दे!

ढोला पाचरींवर टेकलेला असतो, त्या ठोकून काढल्या की तो सुटतो. सकाळी पुना हातोडा घेऊन कमानीखाली उभा राहिला नि हाक मारली, "नाना, या! तुमी मना उस्ताद. पहिली पाचर तुमीच ठोका."

गिरधर जागचा हलला नाही. "तूच ठोक."

पुनाने रामाचं नाव घेतलं, हातोडा उचलला. आणि गिरधरच्या तोंडून किंकाळीच फुटली, "थांब! ते विलायती सिमेंट नही शे, आपला चुना शे! आजून कच्चा शे, मरशीन ना!"

पुनाचा हात वरच राहिला. चेहरा चुन्यासारखा पांढरा. "मंग दुसरी कमान, नाना? रामनवमी?"

गिरधर तडक घरी गेला नि दरवाजा उखडू लागला.

भागाबाई धावत आली. "मनं दार कोठे लई चालनात?"

"रामना घरले."

"रामले दार लागस, नि माले नही?"

दार गेलं, माळ्याच्या फळ्या गेल्या, बाजही गेली. त्यांचा दुसरा ढोला झाला. दोन्ही कमानी आपापल्या ढोल्यावर उभ्या राहिल्या, आणि रामनवमीचं कीर्तन इथंच झालं. चुना पुरता धरला नव्हता, म्हणून ढोले तेव्हाही कमानींखालीच होते. लोक त्यांच्या आडून माना काढून ऐकत होते.

तेव्हाच्या बुवांनी हार घातला तो पुनाला. पुना "नाना, नाना" करत शोधत राहिला, पण गिरधर गर्दीच्या मागे, तोंड आंबट करून बसलेला. दाराच्या जागी पोतं टांगलेल्या घरी गेल्यावर भागाबाईला म्हणाला, "दार मनं, नि हार त्याले!"

त्याची जळफळ मरेपर्यंत गेली नाही. पण एकही कीर्तन त्याने चुकवलं नाही, नि बसायचा तो पुनाच्या त्या पहिल्या कमानीला पाठ टेकून.

बुवा आले बघा. हार घेणारा सगळ्यांच्या ध्यानात राहतो. आज पहिली टाळी वाजवाल, तेव्हा दार देणाऱ्या गिरधर मिस्तरीला एकदा आठवा.