बिनचासीची गाडी

माधवराव सरांची डुक्कर फियाट त्या दिवशी सकाळी आठ वाजता पेणच्या आळीतून बाहेर पडली, तेव्हा अर्धी आळी ओट्यावर येऊन उभी होती. सगळ्यांच्या मागे सखा मूर्तिकार हाताची घडी घालून उभा. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि ते साहजिकच होतं. चार महिन्यांपूर्वी ही गाडी म्हणजे परसातल्या फणसाखाली पडलेला गंजाचा ढीग होती. सरांच्या सासऱ्यांची, सत्तावन्न सालची, पुढची दारं उलटी उघडणारी. दहा वर्षं खाडीचं खारं वारं खाऊन तिचा पत्रा पापडासारखा झाला होता. आज तीच गाडी दुधाच्या सायीच्या रंगात उन्हात चमकत निघाली होती.

इंजिन पनवेलच्या गॅरेजवाल्यानं करून दिलं. बॉडी मात्र सरांनी घरीच करायची ठरवली. निवृत्त मुख्याध्यापक, हाताशी वेळ भरपूर, आणि मनात एक सल. रोह्याच्या व्याह्यांच्या दारात नवी मारुती असते, आणि सरांच्या लेकीच्या, तनयाच्या, लग्नात ते चारचौघांत हसत म्हणाले होते, "माधवराव, तुमची ती ऐतिहासिक गाडी आम्हाला कधी बघायला मिळणार?" मस्करीच ती. दुसरा कोणी जेवणाबरोबर विसरला असता. सरांनी ती दोन वर्षं जपून ठेवली. आता नातू ध्रुव आठ महिन्यांचा झाला होता, त्याचं बोरन्हाण आजोळी पेणला व्हायचं होतं, आणि सरांनी कळवलं होतं की सगळ्यांना न्यायला मी येईन, आणि गाडी घेऊन येईन.

सखा सरांचा जुना विद्यार्थी. गणितात कायम नापास, चित्रकलेत कायम पहिला. सरांनी गाडीच्या कामाला बोलावलं तेव्हा चाळिशी उलटलेला हा बाप्या पोरासारखा हरखला. दोघांनी तारेच्या ब्रशानं गंज खरवडला, रेड ऑक्साइड मारलं, आणि जिथं पत्राच उरला नव्हता तिथं सखानं आपली विद्या चालवली. काथ्या प्लॅस्टरमध्ये भिजवून भोकात ठासायचा, वर पुट्टी, मग पॉलिश पेपर, मग कॉम्प्रेसरनं रंग. कच्च्या गणपतीच्या पाठीला तडा गेला तर तो हेच करायचा, आणि गिऱ्हाइकाला बोट फिरवूनसुद्धा पत्ता लागायचा नाही.

मागच्या सीटखाली, डाव्या चाकाच्या वर त्यानं हात घातला तेव्हा तो कोपरापर्यंत आत गेला आणि वीतभर पत्रा हातातच आला.

"सर, हे लय गेलंय," तो म्हणाला. "वेल्डिंगवाला बोलवू या काय?"

"वेल्डिंगचे डाग वरून दिसतात रे. आणि वजन सगळं खालच्या सांगाड्यावर, चासीवर असतं. पत्रा म्हणजे नुसता अंगरखा. तू भर."

सखानं भरलं. खरं सांगायचं तर त्या जागेचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता. तो वीतभर तुकडा त्यानं कारखान्यात रंगाच्या डब्यांशेजारी मांडून ठेवला होता, केवढ्या भोकाचं आपण काय केलं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

त्या दिवशी अकराच्या सुमारास नाथा कारखान्यात आला. नाथा खाडीकाठच्या खारेपाटातला, डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर वेल्डर. दुसऱ्या शिफ्टला जाताजाता तो मोठ्या मूर्तींच्या लोखंडी सांगाड्याचं माप घ्यायला थांबला होता. त्याची नजर त्या तुकड्यावर गेली.

"ह्यो पत्रा कुठला?"

"सरांच्या फियाटचा. मागच्या चाकावरचा," सखा ऐटीत म्हणाला.

नाथानं तुकडा उलटा केला. एका कडेला जाड दुमड होती, आणि दुमडीत गंजून मोठं झालेलं बोल्टाचं भोक. "ह्यो तर स्प्रिंगचा पाटा धरणारा पत्रा हाय. हा काढलास नि तिथं काय लावलंस?"

"काथ्या. नि प्लॅस्टर."

"मस्करी नको करू."

"मस्करी कसली? खाली चासी हाय ना."

"कसली चासी?" नाथाचा आवाज चढला. "चासी ट्रकला, जीपला. फियाटला चासीच नसते, बाबा. हिचा पत्रा तीच हिची चासी. मुंबईला सात वर्सं ह्याच गाड्या उघडल्या मी. गाडी गेली कुठं?"

"रोह्याला. सर एकटेच गेलेत. येताना तनयाताई, बाळ, व्याही, विहीणबाई..."

नाथानं तुकडा खाली ठेवला. "आतल्या अंगाचा पत्रा धरून असंल, म्हणून एकटा माणूस गेला तर गेला. मागं माणसं बसली, उतारावर ब्रेक मारला, का पाटा सुटंल नि चाक आडवं होईल. वाटंत भिसे खिंड हाय, सखा."

सखाला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचे पाच फुटी गणपती आतून पोकळच असतात, सगळा भार वरच्या कवचावर. कवच तडकलं की मूर्ती बसते, हे तो झोपेतही सांगू शकला असता. गाडीच्या बाबतीत मात्र त्यानं सरांचं ऐकलं होतं, कारण सर चुकू शकतात हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

तो तसाच प्लॅस्टरच्या हातांनी सरांच्या घरी धावला. वत्सलाकाकू बोरन्हाणाच्या तयारीत होत्या. चुरमुरे, बोरं, हलव्याचे दागिने ताटात मांडलेले. "काकू, रोह्याला फोन लावून द्या, सरांशी बोलायचंय," तो म्हणाला. त्यांनी नंबर फिरवून रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि आत भाजत ठेवलेल्या तिळाकडे बघायला गेल्या.

"सर, मी सखा. गाडी आणू नका. हिला चासीच नसते असं नाथा सांगतो. मागचा पाटा आपल्या प्लॅस्टरवर हाय."

पलीकडं ताटांचा आवाज येत होता, कोणीतरी आग्रह करत होतं. "हो हो," सर मोठ्यानं म्हणाले, "अगदी लोण्यासारखी आली गाडी! सगळे तारीफ करतायत तुझी. तीनला निघतो आम्ही." आणि फोन ठेवला.

"काय रे, काय झालं?" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

इथं सखानं खरं सांगायला हवं होतं. काकूंनी पुन्हा फोन लावला असता, आणि ही गोष्ट तिथंच मिटली असती. पण सरांनी फोनवर चारचौघांसमोर जे लपवलं ते त्यांच्या बायकोला आपण कसं सांगायचं, ह्या संकोचात तो अडकला. "रंगाचं जरा होतं," तो म्हणाला, आणि एसटी स्टँडकडे पळत सुटला.

सव्वाबाराची रोहा गाडी पाऊण तास उशिरा सुटली. वडखळ नाक्यावर कंपनीच्या ट्रकांची रांग लागलेली. सखा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, डोळे समोरच्या रस्त्यावर. सर लवकर निघाले तर? आपण रोह्याला पोचतोय आणि ते आपल्या शेजारून निघून जातायत, असं झालं तर? समोरून पांढुरकं काहीही आलं की तो उठून उभा राहायचा. कासू फाट्याजवळ एक टेंपो बघून तो इतक्या जोरात "थांबा!" म्हणाला की कंडक्टर खेकसला, "बसा की हो गप! चालत्या गाडीतनं उतरताय काय?" नागोठण्याला बस पंधरा मिनिटं थांबली. ड्रायव्हर चहा पीत होता आणि सखा मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

मग खिंड आली. बस पहिल्या गिअरला कण्हत वर चढत होती, आणि सखाला प्रत्येक वळणाच्या पलीकडं फियाट दिसत होती. कधी येणारी, कधी कठड्याच्या खाली. त्यानं डोळे मिटायचा प्रयत्न केला तर ते आणखी स्पष्ट दिसायला लागलं. खिंड उतरून बस सपाटीला लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण समोरचा दांडा इतका घट्ट धरलाय की बोटं सुटत नाहीत.

व्याह्यांच्या फाटकाशी तो पोचला तेव्हा तीनला दहा कमी होते. फियाट अंगणात उभी, बाजूला मारुती. टपावर पिशव्या बांधलेल्या. मागच्या सीटवर डाव्या बाजूला तनया, मांडीवर ध्रुव, शेजारी विहीणबाई. व्याही पुढचं दार उघडून कौतुकानं म्हणत होते, "माधवराव, हरलो बुवा आम्ही. काय काम केलंय!"

"हा बघा, हा आमचा कलाकार!" सर सखाला बघून म्हणाले. हसले, पण डोळे हसले नाहीत.

"सर, दोन मिनिटं बाजूला या."

जास्वंदीच्या आडोशाला सरांनी त्याचा दंड धरला. "तू इथं कशाला आलास?"

"सर, पाया पडतो. मारुतीनं चला. काहीही सांगा त्यांना, पंक्चर झालंय सांगा."

"सकाळी ह्याच खिंडीतून आलो ना मी? काय झालं?" सरांचा आवाज दबलेला, पण शाळेतला. "आत्ता पाच मिनिटांपूर्वी त्यांनी हार मानली. आता सांगू, की मी प्लॅस्टरची गाडी घेऊन आलोय? हळू नेतो. तू गप्प राहा."

आणि सखा गप्प राहिला. मला त्याचा राग येतो, पण तीस वर्षांची सवय ती; सरांनी गप्प म्हटलं की गप्प. सर गाडीत बसले, व्याही बसले, इंजिन सुरू झालं. तनयानं काचेतून ध्रुवचा हात धरून सखाला टाटा करून दाखवला.

गाडी जागची हलली आणि सखाला ती रेघ दिसली. डाव्या चाकाच्या कमानीवर, केसाएवढी. दुसऱ्या कोणाला ती दिसलीच नसती. काल संध्याकाळी शेवटचा हात फिरवताना ती नव्हती. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती बोटभर वर सरकली.

"तनयाताई, उतरा!" तो ओरडला. "बाळाला घेऊन उतरा!"

कोणी उतरलं नाही. सरांनी गाडी फाटकाकडे वळवायला उलट गिअर टाकला. फुलझाडांच्या आळ्याला लावलेली एक वीट सखानं उपटली, मागच्या चाकापाशी धावला आणि आपल्या हातानं घोटलेल्या त्या सायीच्या रंगावर दोन्ही हातांनी हाणली. पहिल्या घावाला रंग फुटला. दुसऱ्याला थाळीएवढा तुकडा खाली पडला, आणि भोकातून काथ्याची प्लॅस्टर माखलेली शेपटी बाहेर लोंबायला लागली. पांढरी भुकटी चाकावर सांडली.

गाडी थांबली. विहीणबाई किंचाळत उतरल्या, त्यांच्यामागून तनया, ध्रुवला छातीशी धरून. व्याही मागं आले, वाकले, भोकात बघितलं. त्यांनी डिकीवर दोन्ही तळवे ठेवले आणि जोर दिला. आत काहीतरी करकरलं आणि गाडीची डावी बाजू टायरवर बसली. पुन्हा उठली नाही. तनया बसली होती ती हीच बाजू.

ध्रुव मोठ्यानं रडत होता. सर स्टिअरिंगपाशी तसेच बसून होते.

तनया सखाकडे वळली. "मघाशी बाबांना बाजूला नेऊन तुम्ही हेच सांगितलंत का?"

सखानं सरांकडे पाहिलं. सर काचेतून त्याच्याचकडे बघत होते.

"नाय ताई," सखा म्हणाला. "सांगायला आलो होतो, पण मला जमलंच नाय. सरांना काय ठाऊक नव्हतं."

सर खाली उतरले. दार लावायचंही त्यांना सुचलं नाही. "तो खोटं बोलतोय," ते म्हणाले. "दोनदा सांगितलं त्यानं मला. एकदा फोनवर, आणि एकदा आत्ता."

व्याह्यांनी मान फिरवली. एवढ्या वेळात ते चेष्टेचा एक शब्द बोलले नाहीत, आणि सरांना तेच सहन होत नसावं. व्याह्यांनी मारुतीची किल्ली आणायला सांगितली, पिशव्या हलवल्या. बोरन्हाण तर व्हायलाच हवं होतं, काकू वाट बघत होत्या. विहीणबाई म्हणाल्या, मी आता नाही येत, माझ्या छातीत धडधडतंय. सखाला व्याह्यांनी पुढं, आपल्या शेजारी बसायला सांगितलं. सर मागं, एका कोपऱ्यात अंग चोरून बसले.

तनया गाडीशी आली तेव्हा तिच्या खांद्यावर बाळाची पिशवी, एका हातात दुधाची बाटली. तशी ती आत बसू शकत नव्हती. सरांनी सवयीनं दोन्ही हात पुढं केले. ध्रुव त्यांना बघून रडता रडता हसला आणि आजोबांकडे झेपावला.

तनयानं त्याला मागं ओढलं. ती गाडीला वळसा घालून पुढच्या दाराशी आली आणि तिनं ध्रुवला सखापुढं केलं. "पेण येईपर्यंत धरा," ती म्हणाली.

सखाला ते मूल घ्यावंसं वाटत नव्हतं. मागं सरांचे हात अजून तसेच पुढं होते, ते त्याला आरशात दिसत होते. पण त्यानं ध्रुवला घेतलं, आणि गाडी निघाली.