समासातला गोल
अख्खा विभाग तिला भागूबाई म्हणायचा, आणि खोटं कशाला बोला, बाई होतीच भित्री. शिपाई नुसता 'साहेबांनी बोलावलंय' म्हणाला की ही आधी देवाचं नाव घ्यायची. आज तर ती विभागप्रमुखांच्या दाराबाहेर बाकाच्या अगदी कडेला बसली होती. आत तिची मैत्रीण होती, फौजदार. हे नावही विभागानंच ठेवलेलं, कारण ती कुणाच्या बापाला भीत नसे.

सात वर्षं दोघींनी मिळून एकच संशोधन केलं होतं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्याच सूतगिरणीत जाऊन शंभर कामगार बायकांचे कान तपासले, त्यांच्यासोबत बसून आकडे मांडले आणि तिसऱ्या प्रकरणात लिहिलं, की यंत्रांच्या आवाजानं निम्म्या जणी बहिऱ्या होत चालल्यात. झालं, आग्यामोहोळ उठलं. वरून हुकूम आला, प्रकरण लिहिलं कुणी, तेवढं सांगा. जिनं लिहिलं ती घरी जाणार. भागूबाईची नोकरी दरवर्षीच्या करारावर, आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई.

फौजदार बाहेर आली, ती हिच्याकडे न बघता थेट खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. हिनं माझं नाव सांगितलं, असं भागूबाईच्या मनात आलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

आत प्रमुखांनी एक कागद पुढे सरकवला. "वाचा, खाली सही करा आणि मोकळ्या व्हा. तुमचा करार मी आजच पुढे पाठवतो."

फौजदारचं अक्षर होतं. 'तिसरं प्रकरण मी एकटीनं लिहिलं. माझ्या मैत्रिणीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.'

भागूबाईला रडूच कोसळायचं बाकी होतं. सही केली की नोकरी शाबूत, आईचं औषधपाणी चालू. पेन काढायला पर्समध्ये हात घातला आणि हातात आली पेन्सिल. फौजदारचा प्रत्येक कागद ती पेन्सिल घेऊनच वाचत आली होती. दोघींचा नियमच होता तसा. एकीचं वाक्य दुसरीला पटलं नाही, तर त्याभोवती गोल काढून समासात लिहायचं, 'पुरावा?' मग लिहिणारीनं पुरावा आणायचा, नाहीतर मुकाट्यानं वाक्य खोडायचं. रुसायचं नाही.

तिनं दोन्ही वाक्यांभोवती गोल काढला. तो धड गोलही झाला नाही. समासात तिनं तो एक शब्द लिहिला.

"हे काय केलंत?" प्रमुखांनी विचारलं.

"तिला बोलवा, सर. तिला कळेल."

फौजदार आत आली, कागद बघितला आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "अगं, वेड लागलंय का तुला? आईचं काय करशील?"

"पुरावा आहे तुझ्याकडे?" भागूबाईनं कागद तिच्यापुढे सरकवला.

फौजदारनं टेबलावरचं प्रमुखांचंच पेन उचललं आणि दोन्ही वाक्यं खोडून टाकली.

"ठीक आहे," प्रमुख थंडपणे म्हणाले. "संध्याकाळपर्यंत दोघींनाही पत्रं मिळतील."

बाहेर येऊन दोघी त्याच बाकावर बसल्या. आईला काय सांगायचं, ते भागूबाईला सुचत नव्हतं.

"मला वाटायचं, तू कशालाच घाबरत नाहीस," ती म्हणाली.

भागूबाईनं फौजदारचा हात हातात घेतला. तो घामानं भिजला होता आणि गारठून गेला होता.