परदेशी म्हातारपणाच्या पाच पुस्तकांची परीक्षा

ओसरीवरच्या टेबलावर पाच पुस्तकं होती. एकूण पानं एक हजार चारशे बारा. त्यांतली दोनशे सहा 'तुमच्या नोंदींसाठी' म्हणून कोरी सोडलेली, एकशे चाळीस पानांवर निव्वळ छायाचित्रं, आणि तीन मुखपृष्ठांवर पांढऱ्या केसांचं एकच जोडपं एकाच बाकावर बसलेलं. मागचा समुद्र तेवढा बदललेला. सायलीनं पुस्तकांना क, ख, ग, घ आणि च अशी नावं दिली.

सायली प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि नोकरी लागेपर्यंत तलवाड्याला आजीआजोबांकडे राहत होती. आजोबा म्हणजे त्रिंबकनाना. तीस वर्षं राजकारण केलं, आसपासच्या गावांतलं एकही लग्न, बारसं, दहावा चुकवला नाही. आणि बाजार समितीच्या निवडणुकीत सुग्रीवनं त्यांना पाडलं. सुग्रीव त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

"ज्यांच्या मयतीला मी उन्हातान्हाचा गेलतो, त्यांच्या घरची मतं मला पडली न्हाईत," नाना म्हणत. "असल्या मानसांत म्हातारपण काढायचं न्हाई."

मग त्यांनी पोर्तुगाल काढलं. तेच का, असं विचारलं तर उत्तर तयार होतं. "तिथं मला कोनी वळखत न्हाई."

पुतण्या अंगदनं तिकडे जाणाऱ्या भारतीयांसाठी लिहिलेली ही इंग्रजी पुस्तकं मागवली, एक एजंटही गाठला. एजंटाला सोमवारी होकार हवा होता. घरात एवढं शिकलेलं माणूस असताना पुस्तकं पारखायला बाहेर कशाला जायचं, म्हणून काम सायलीकडे आलं. एखादं पुस्तक खरं उतरलं तर जायचं, नाहीतर विषय बंद, असं नानांनी चारचौघांत सांगून टाकलं.

भिवराबाई आजी चारचौघांत काहीच बोलली नाही. स्वयंपाकघरात मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "तू खोटं नको लिहू बाई. पण मला तिथं सकाळच्या पारी हाक मारायला कोन हाय?"

खोटं लिहिणं सायलीला जमणारं नव्हतं. तिनं चोवीस प्रश्न काढले आणि नियम ठरवला : उत्तर पानावर सापडलं, आणि जावं की न जावं हे ठरवायला उपयोगी पडलं, तर एक गुण. 'स्थानिक जाणकाराला विचारा' असं लिहिलेलं असलं तर शून्य.

क पुस्तकात जाणकाराला विचारायला एकसष्ट वेळा सांगितलं होतं. ख पुस्तकाचा लेखक आजवर सहा देशांत स्थायिक झाला होता.

"एका जागी टिकला न्हाई, त्याला काय ईचारायचं?" नानांनी ते पुस्तक बाजूला सारलं.

घ पुस्तकात लिंबाच्या झाडांचं वर्णन एकोणीस ठिकाणी होतं, दवाखान्याचं एकाही ठिकाणी नव्हतं. च पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण उत्सुकता वाढवत जाई आणि उरलेली माहिती लेखकाच्या सशुल्क वर्गात मिळेल असं सांगून संपे.

ग पुस्तक एका निवृत्त परिचारिकेनं लिहिलेलं होतं. दिसायला रुक्ष, पण विचारलं त्याला उत्तर देणारं. ज्वारीचं पीठ गावात मिळणार नाही, मोठ्या शहरातून मागवावं लागेल. दवाखान्यात रुग्णासोबत एकच जण थांबू शकेल.

"एकच?" नानांनी विचारलं. "आन् बाकीचे कुठं बसत्यात?"

"बाकीचे येतच नाहीत, नाना."

"लई चांगलं हाय की," नाना म्हणाले, पण जरा थांबून.

शनिवारी ग पुस्तकाचे तेवीस प्रश्न झाले. गुण तेवीस. आजीनं आकडा ऐकला.

"म्हंजे जायचं," ती म्हणाली.

"एक राहिलाय, आजी."

चोविसावा प्रश्न खुद्द नानांचा होता : तिथं करमेल का? ग पुस्तकाचं उत्तर असं : 'जाण्याआधी एक दिवस आपल्याच घरी तिथल्यासारखं राहून पाहा. फोन बंद, दार बंद, आधी ठरवल्याशिवाय भेट नाही. दिवस सुखात गेला तर खुशाल निघा.'

रविवारी सकाळी अंगद फाटक लावायला गेला. ते फाटक बसवल्यापासून कधी लागलंच नव्हतं. बिजागऱ्यांत तेल सोडावं लागलं, खालची माती उकरावी लागली. बाहेर पाटी लावली : 'भेटण्यापूर्वी वेळ घ्यावी.' नाना आत वर्तमानपत्र घेऊन बसले आणि 'लई शांत वाटतंय' असं लागोपाठ तीनदा म्हणाले.

पहिला आला शेजारचा बंकट, चहाला, रोजच्यासारखा. "नाना! ओ नाना!" नाना उठायला लागले तसं सायलीनं हातानंच बसवलं. प्रयोग म्हणजे प्रयोग. बंकट गेला आणि चौघांना घेऊन आला. पाटीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

"फाटक कावून लावलंय?"

"फोन बी बंद हाय. धाड पडली असंल बे."

"काहीतरीच! पक्ष बदलत असत्याल. आत बैठक चालू हाय."

म्हाताऱ्या तात्याबानं काठी आपटली. "येड्यांनो, त्यानं चार येळा पक्ष बदलला, चारी येळा मांडव घालून. त्याला फाटक कशाला लागतंय? मानूस गेलं, म्हना!"

मग कुणाला शंका राहिली नाही. बायका आल्या, शेजारच्या गावचे ट्रॅक्टर आले, फ्लेक्सवाल्यानं नानांचा बरासा फोटो कुणाकडे आहे का म्हणून विचारणा केली. बंकट ढसाढसा रडत होता.

नाना संतापून खिडकीशी गेले, आणि पडदा बोटभर सरकवून तिथंच थांबले.

"काका, उघडू का?" अंगद म्हणाला. "लई मानूस जमलंय."

"थांब बे. सुग्रीव येतो का बघू."

आजी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सायले, पोर्तुगालात एवढं मानूस जमायला किती येळ लागतोय, ते पुस्तकात हाय का बघ गं."

नानांनी ऐकलं. पडदा आणखी बोटभर सरकवला.

सुग्रीवची जीप आली. तो गुलाबाचा हार घेऊन उतरला आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी फाटकाला टेकून मातीत बसला. "मी उभा राहिलो नसतो तर नाना आज असते," तो म्हणाला. बाजूच्या दोघांनी 'खरं हाय' म्हणून मान डोलावली.

नानांनी पायांत चपला घातल्या. "अंगद, एजंटाला न्हाई म्हनून कळव. आन् ते फाटक काढ."

"उघडू?"

"काढ म्हणलं. बिजागरीसकट."

फाटक निघालं आणि नाना पायरीवर दिसले, तशी गर्दी दोन पावलं मागे सरली. हातातल्या हाराचं काय करावं ते सुग्रीवला सुचेना. शेवटी त्यानं तो नानांच्याच गळ्यात घातला. बंकटनं आत वाकून बघितलं आणि डोळे पुसत आवाज दिला, "भिवराकाकू, चहा टाका!"

"किती जनांचा रं?" आजी आतून म्हणाली.

सायलीनं मोजलं आणि चोविसाव्या प्रश्नापुढे नोंद केली. वेळ घेऊन आलेले : शून्य. वेळ न घेता आलेले : एकशे सदतीस. पैकी हार घेऊन आलेले : अकरा. ग पुस्तक : चोवीसपैकी चोवीस.