चाळिसावा बिल्ला आणि सायखेड्याची पोर

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. माझ्या छातीवर चाळीसचा आकडा ठोकलेला आहे. १९३३ साली नाशिकच्या तांबट आळीत फुटक्या हंड्या-परातींतून आम्ही चाळीस भाऊ निघालो; मी सगळ्यांत धाकटा. एका शेटजींच्या धर्मादाय दवाखान्यात आम्हाला नोकरी लागली. ज्याच्या हाती बिल्ला, त्यालाच डॉक्टर फुकट तपासत. अकराच्या ठोक्याला ते उठून स्वतःच्या दवाखान्यात जात. तिथे बिल्ला लागत नसे, रुपया लागे.

माझ्यानंतर बिल्लाच नाही, म्हणून माझा मान मोठा. रांगेतले सगळे माझ्यावरच डोळे लावून असत.

एका भाद्रपदात तापाची साथ आली. एका सकाळी मी विड्या वळणाऱ्या रोशनबीच्या मुठीत पडलो. तिच्याजवळ तापाने फणफणलेला पाच वर्षांचा नियाज होता. तेवढ्यात धोंडाबाई आली, कडेवर आठ महिन्यांची पोर.

"दादा, चार दिस झालं, पोरीला हगवण लागलीय. डोळं उघडत नाय. सायखेड्याहून चालत आले."

"बिल्ले संपले, बाई. उद्या पहाटे या," कंपाउंडर सावळीराम म्हणाला.

"आन् आज काय करू?"

सावळीराम चष्मा पुसू लागला.

रोशनबीने तिला खाली बसवलं. "रडून काय बिल्ल्याला पिल्लू होणार आहे? बस इथं. तुझ्या पोरीचं दुखणं आज माझ्या पोराला लावते."

आत जाऊन तिने सांगितलं, "ताप आहे, साहेब. हगवण पण. डोळे उघडत नाही."

नियाज टकमक बघत होता.

"हा तर मला डोळ्यांनी गिळतोय!" डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला बघून उघडले, साहेब."

"अम्मी, मला हगवण कुठंय?" नियाज म्हणाला आणि चिमटा खाऊन गप्प झाला.

डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं आणि पोटासाठी सहा पुड्या बांधल्या, पाच वर्षांच्या मुलाच्या मापाने. खाणार आठ महिन्यांची. विचारावं, तर लबाडी उघडी पडणार. रोशनबी पुड्या उचलून बाहेर पडली. मी पेटीत जाऊन पडलो.

बाहेर पायरीवर दोघींचं चाललं होतं.

"अर्धी देऊ का, बाई?"

"पाव दे. नाहीतर... चार दिवस म्हणालीस ना? अर्धीच दे."

मी पितळेचा. ओरडणार कसा?

आठ दिवसांनी रोशनबी एकटीच आली. नियाज बरा झाला होता.

"भाऊ, ती सायखेड्याची बाई परत आली का?"

सावळीरामने बोट ओलं करून वही उघडली. "पोरीचं नाव काय?"

रोशनबीने ते विचारलंच नव्हतं.

"त्या दिवशी वहीत चाळीस जण आहेत. चाळिसावा तुझाच नियाज. त्यापुढे कोणी आलेलंच नाही, बाई."

वर्षअखेर शेटजींनी अहवाल छापला: रोज आलेले चाळीस, तपासलेले चाळीस. हिशेब अगदी चोख.

आता मी हिरवा पडून एका खणात आहे. मित्रांनो, मला चिंचेने घासून लखलखीत करू नका. तुमच्या गावी असा दवाखाना असेल, तर बिल्ले संपल्यावर दाराशी कोण उरलं, त्याचं नाव तेवढं विचारून ठेवा.