दहापर्यंत मोजणं

माझी भाची वर्गात मला सर म्हणायची आणि घरी मामा. यात तिची कधी गल्लत झाली नाही. पहिला नंबर येऊनही ती शेफारली नव्हती, आणि हे मी मामा म्हणून नाही, मास्तर म्हणून सांगतोय.

वाहन अभियांत्रिकीच्या आमच्या कॉलेजात बॅटरीवरच्या गाड्या शिकवायला आभासी जगाचे चष्मे आले. चार चष्मे, चाळीस पोरं. चष्मा डोळ्यांवर चढवला की समोर अख्खी गाडी उभी. बॉनेट उघडायचं, जाड हातमोजे घालून बॅटरीची वीज तोडणारा प्लग उपसायचा, आत साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं, मग मोजे काढून झाकणाचे बारीक स्क्रू सोडवायचे.

एकाने दहा मिनिटं हवेत हात धरून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी रांगेत जांभया द्यायच्या. माझं डोकं फिरलं. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून प्राचार्य आधीच मानगुटीवर बसले होते. मी चष्म्यांच्या तंत्रज्ञाला बोलावलं.

"हे थांबणं दहा सेकंदांचं कर."

"सर, मग खरी वेळ दहा मिनिटं आहे, अशी पाटी टाकू का समोर?"

"फळ्यावर शिकवलंय मी. पोरं काय दुधखुळी आहेत?"

वर्षभर पोरांनी दहा आकडे मोजले. भाचीने तर साठ-सत्तर वेळा, कारण तिला हात बसवायचा होता. दहा म्हटलं की मोजे काढायचे, स्क्रू फिरवायचा, हिरवा दिवा लागायचा. लेखी परीक्षेत तिने 'दहा मिनिटं' असंच लिहिलं होतं. डोक्याला ठाऊक होतं, हातांना नव्हतं.

खऱ्या गाडीवरच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी तिलाच पुढे बोलावलं. मिरवायची हौस, दुसरं काय. तिने प्लग उपसला. मागे कुजबूज चालली होती, म्हणून मी पोरांना झापायला वळलो. तेवढ्यात फटाक्यासारखा आवाज झाला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीच्या कागदावर आलं, 'विद्यार्थिनी ठरलेली वेळ थांबली नाही.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी सही ठोकली.

आठवड्याने मी दवाखान्यात गेलो, तेव्हा बहीण तिला चमच्याने भात भरवत होती.

"दादा, तूच सांग हिला काहीतरी. सारखं एकच विचारते."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. "सर, मी कुठे चुकले? मी मोजलं होतं."

दवाखान्यात ती मला सर म्हणाली. तोंडाला येईल ती थाप मारावी असं फार वाटलं, पण ती पोरगी उत्तर तपासून घेणारी.

"तू नाही चुकलीस. चष्म्यातले ते दहा सेकंद मी करून घेतले होते. मुळात दहा मिनिटं होती."

बहिणीचा चमचा ताटलीत पडला. ती माझ्याकडे पाहीना. भाचीने पट्ट्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"बाकीचे अजून तेच चष्मे लावतात?"

"हो."

"आणि खरी गाडी?"

"सोमवारपासून."

"त्यांना सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. सांगायचं तर कारणही सांगावं लागलं असतं.

"मग इथे कशाला बसलायत, सर?" ती म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.