आधी उघडून बघू

माझ्या जावयाचं नाव मी मनातल्या मनात गोगलगाय ठेवलं होतं. दहा शब्द विचारावेत तेव्हा एक येणार, तोही मान डोलावून. दिवसभर मुक्या जनावरांवर उपचार करून घरी आल्यावर मला बोलकी माणसं लागतात. त्यात हे पुढच्या महिन्यात माझ्या लेकीला दूरच्या शहरात घेऊन जाणार. गोगलगाय आणि पोटात पाय, दुसरं काय.

त्या रविवारी दवाखान्यातला कॉम्प्युटर रुसला. सगळ्या पेशंटची माहिती ज्यात असते तो डेटाबेस उघडेचना. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, काढून पुन्हा टाका. काढला, टाकला, ढिम्म. पुन्हा काढला, या वेळी बटणं जोरात दाबून. तरी ढिम्म. जेवताना मी सगळा राग भांड्यांवर काढला.

"उद्या मास्तरांच्या मनीचं ऑपरेशन आहे. मागे भुलीच्या एका औषधाने ती मरता मरता वाचली होती. कुठलं औषध ते त्या डबड्यात आहे, मला आठवत नाही. मास्तरांना घरात तिच्याशिवाय बोलायला कोणी नाही."

जावई खाली मान घालून जेवत होते. हात धुऊन म्हणाले, "आई, मी बघू का?"

आम्ही दवाखान्यात पोचतो तोच दुरुस्तीवाल्याचा फोन. "मॅडम, मुळासकट काढायला हवं. जुनं फोल्डर मागे राहिलंय, ते नव्याला बसू देत नाही. उडवून टाका."

मी माउस धरला. आपलं काम एक घाव दोन तुकडे.

"थांबा, आई." आवाज एवढासा, पण माझा हात थांबला. "प्रोग्रॅम गेला तरी माहिती त्याच फोल्डरमध्ये असते. ते उडवलं की मनीही गेली."

मी माउस सोडला. बाजूच्या स्टुलावर बसले.

त्यांनी ते फोल्डर स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. आता पुसतील म्हटलं, तर लॅपटॉपवर तोच जुना प्रोग्रॅम टाकत बसले.

"कॉपी झाली ना? आता काय राहिलं?"

"कॉपी नुसती असून काय उपयोग? आधी उघडून बघू, मग इथलं पुसू."

उघडली. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मांजरींचं नाव मनी. पण त्यांनी मला न विचारता मास्तरांची मनी बरोबर शोधली. म्हणजे जेवताना माझा शब्दन् शब्द ऐकला होता. औषधाचं नाव समोर आलं. उद्यासाठी मी ट्रेमध्ये नेमकी तीच बाटली काढून ठेवली होती.

मग मात्र त्यांनी हात राखला नाही. प्रोग्रॅम, जुनं फोल्डर, कानाकोपऱ्यातलं उरलंसुरलं सगळं झाडून काढलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नवा डेटाबेस टाकला आणि माझी सगळी जनावरं त्यात परत आणून सोडली.

मी बाटली कपाटात ठेवली. मी पाठमोरीच म्हणाले, "लेकीला नेताय म्हणून तुमच्यावर राग होता माझा."

"माहीत आहे," लॅपटॉप मिटत ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात मी एकटाच जातोय. तिकडे तिचं मन रमेल का, तिला काम मिळेल का, ते आधी बघतो. तोवर तिची खोली अशीच राहू द्या."

मी नुसती मान डोलावली.