खालच्या गल्लीची वीस मिनिटं

निवृत्त माणसाने गप्प घरी बसावं, असं बायको रोज बजावत होती; पण चावीवाल्यांनी ऐकलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी लोखंडी चावीने शहराचं पाणी सोडलं आणि बंद केलं. त्यात गुडघे गेले, पाठ गेली, आणि आता हे नगराध्यक्षपदाला उभे. जावई शाळेत गणित शिकवायचा. त्याने पत्रकासाठी अकरा कामं लिहून आणली होती: बाग, दिवे, वाचनालय, काय नि काय. चावीवाल्यांनी त्यातली दहा खोडली. उरलं एकच, सगळ्या वस्त्यांना सारखं पाणी.

"मामा, एका कामावर कोणी निवडून येत नाही," जावई म्हणाला.

"अकरांवर निवडून आलेले पाहिलेत ना आपण?"

सासऱ्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे जावयाला लग्नापासून ठाऊक होतं. पाठीशी पक्ष नव्हता, पुढारी नव्हता. भांडवल काय ते एवढंच, की हा माणूस खोटं बोलत नाही, असं शहरभर मानलं जाई. ते गेलं की सगळं गेलं.

टेकडीवरच्या वस्तीतली सभा सहावी होती. शाळेचा वर्ग, लहान मुलांची बाकं, त्यांत मोठी माणसं कशीबशी कोंबून बसलेली. चावीवाल्यांचे पाय भरून आले होते. तेच पत्रक सहाव्यांदा वाचताना त्यांना स्वतःचाच आवाज नकोसा झाला. वाचून झाल्यावर मागून एक शिवणकाम करणारी बाई उठली. खालच्या गल्लीला तासभर पाणी आणि आम्हाला चाळीसच मिनिटं, हे का, असं तिने सरळ विचारलं.

उत्तर तयार होतं. चढ आहे, वर पाणी पोचायलाच वीस मिनिटं जातात. हेच त्यांनी तीन साहेबांना सांगितलं होतं, आणि तिघांनीही मान डोलावून लिहून घेतलं होतं. चावी फिरवायला साहेब थोडेच येतात! आत्ताही तेच ओठांवर आलं, पण चावीवाले थकले होते. खोटं बोलायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो.

"चढाचं काही नाही बाई," ते म्हणाले. "मीच खालची चावी उशिरा बंद करायचो आणि वरची उशिरा उघडायचो. खाली माझी बहीण राहते. नव्या माणसाला मीच शिकवलं. तोही तसंच करतो."

कुंपणानेच शेत खाल्लं, असं कोणीतरी म्हणालं. बाई मात्र चिडली नाही. लग्न होऊन आल्यापासून आपण खालून कळशा वाहतोय, एवढंच ती शांतपणे सांगून गेली. तिच्यामागून वर्ग रिकामा झाला. जावयाने उरलेली पत्रकं पिशवीत भरली. निदान मतदानापर्यंत तरी थांबायचं होतंत, असं तो पुटपुटला.

चावीवाले तडक टाकीवर गेले. उद्यापासून दोन्हीकडे पन्नास मिनिटं, असं नव्या माणसाला सांगून ते बहिणीकडे आले. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिला कळायला नको होतं. पूर्वी तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, दोन तान्ही पोरं होती, आणि धुण्याला पाणी पुरत नाही म्हणून ती एकदा त्यांच्यासमोर रडली होती. ते रडणं त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही.

त्यांनी सगळं सांगितलं आणि ते मान खाली घालून बोलणी खायला बसले. ताईला मात्र नवलच वाटलं.

"अरे, सासूबाईंना जाऊन सव्वीस वर्षं झाली," ती म्हणाली. "पोरं परगावी. मला एकटीला दोन बादल्या पुरतात. उरलेलं मी रस्त्यावर शिंपडते, धूळ बसावी म्हणून. मला वाटायचं, सगळीकडेच एवढं येतं."

चावीवाल्यांनी दाराबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"एकदा विचारायचंस तरी मला," ताई म्हणाली.